कानातला पिवळा बिल्ला आणि १९६२: डेअरीच्या काट्यामागून एक अभिप्राय

मिक्सरचे, मोबाइलचे अभिप्राय ढिगाने सापडतात. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याबद्दल मात्र वापरणाऱ्याने लिहिलेलं मला काही दिसलं नाही. जे दिसलं ते सगळं परिपत्रकाच्या भाषेतलं. म्हणून हा उद्योग. मी गावच्या दूध संस्थेत दोन्ही वेळचं माप घेते, फॅट लावते, पावत्या देते. घरी दोन म्हशी, एक संकरित गाय आणि तिची कालवड. म्हणजे या सेवेची मी स्वतः गिऱ्हाईक, आणि गावातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायला बसलेलीही मीच. किटली रिकामी होईपर्यंत माणूस काहीतरी बोलतोच.

अभिप्राय कशाचा ते आधी सांगते, कारण बिल्ला एकटा काही करत नाही. कानातला बारा अंकी बिल्ला, त्या क्रमांकावर ‘भारत पशुधन’ प्रणालीत होणारी नोंद, वर्षातून दोनदा गोठ्यात येऊन टोचली जाणारी लाळ्या-खुरकूतची (तोंडाला-खुरांना फोड आणणाऱ्या रोगाची) लस, आणि जनावर आजारी पडलं की लावायचा १९६२ हा नंबर, असं सगळं मिळून ही सेवा होते. लस येते ती राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून. तो ११ सप्टेंबर २०१९ला मथुरेत सुरू झाला. पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये, आणि सगळा खर्च केंद्राचा. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात हे दोन रोग आधी आवरायचे आणि २०३०पर्यंत देशातून घालवायचे, असं ठरलं. २०१९च्याच पशुगणनेत देशात गाय-बैल १९ कोटी ३४ लाखांवर आणि म्हशी-रेडे जवळजवळ ११ कोटी निघाले. एवढ्या कानांत बिल्ले ठोकणं म्हणजे खायचं काम नव्हे, हे सुरुवातीलाच कबूल करते.

आता बिल्ला. पिवळा, वाकणाऱ्या प्लॅस्टिकचा, त्यावर काळे बारा आकडे आणि बारकोड. एका भागाला टोकदार खिळा, दुसऱ्या भागात तो अडकतो. दोन्ही भाग चिमट्यात बसवून कानाच्या मधोमध, शिरा चुकवून, एका दमात दाबायचं. हात सराईत असेल तर रक्ताचा थेंब येतो न येतो, म्हैस एकदा मान झटकते आणि वैरणीला लागते. हात कच्चा असेल तर मात्र पुढचे पंधरा दिवस तुमचे. कडेला बसला तर कान चिरून बिल्ला पडतो, बुडाशी बसला तर तिथला कान जाड, जखम चिघळते. पावसाळ्यात मारला तर माशी बसून अळ्या पडायला वेळ लागत नाही. आमच्या गायीचा थंडीत मारला, आठवडाभर मलम लावलं, काही झालं नाही. तुमच्या हातात असेल तर पावसाळा टाळा.

म्हशीच्या बाबतीत एक जास्तीची अडचण. आमच्या थोरल्या म्हशीची शिंगं मागे वळलेली, कान बरोबर शिंगाखाली. खाज सुटली की ती कान गव्हाणीच्या कडेवर घासते, त्यात शेण-मातीचा थर बसतो आणि बारकोड दिसेनासा होतो. नंबर वाचायचा तर एकाने मोरकी धरायची, दुसऱ्याने ओल्या फडक्याने कान पुसायचा, आणि तिसऱ्याने ती कान हलवायची थांबते त्या क्षणी आकडे म्हणायचे. आठ की तीन, यावर आमच्या घरात भांडण झालेलं आहे. म्हणून माझी पद्धत: बिल्ला नवा कोरा असतानाच मोबाइलवर फोटो काढायचा आणि आकडे गोठ्याच्या चौकटीवर रंगाने लिहून टाकायचे. फोन बदलतो, चौकट बदलत नाही.

राज्यात १ जून २०२४पासून बिल्ल्याशिवाय सरकारी दवाखान्याची सेवा नाही, बाजारात खरेदी-विक्री नाही, असा नियम झाला. तोवर ‘आमच्या जनावराच्या कानाला भोक पाडू नका’ म्हणणारे आमच्याकडे बरेच होते. नियमाने ते एका महिन्यात सरळ झाले. विजेचा धक्का, नैसर्गिक आपत्ती, वाघ-बिबट्याचा हल्ला यांत जनावर दगावलं तर भरपाईही बिल्ल्यावाचून नाही, हे कळल्यावर तर माणसं स्वतः विचारत आली. लोकांना सक्ती आवडत नाही म्हणतात. मला तर उलटंच दिसलं. फायदा कुठे आहे ते समजलं की सक्तीचं फारसं काही वाटत नाही.

पण कायदा कानापर्यंत पोचतो, कानातून बिल्ला काढणाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. शेजारच्यांनी एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्या वेताची म्हैस घेतली. कानात बिल्ल्याच्या जागी फाटलेलं भोक. ‘कुंपणात अडकून पडला’ म्हणाला. पडतोही, खोटं नाही. पण क्रमांक गेला की त्या म्हशीला कुठली लस कधी टोचली, ती कुठल्या तालुक्यातून आली, तिकडे काही रोग होता का, हे सगळं गेलं. नवा बिल्ला ठोकला, नवी नोंद झाली आणि दोन वेत झालेली म्हैस कागदावर कोरी करकरीत झाली. रोगाचा माग काढायला जी गोष्ट सगळ्यात कामाची, म्हणजे जनावर कुठून कुठे गेलं, तीच अशी सहज पुसली जाते. जनावर विकताना मालकी बदलल्याची नोंद करायची सोय प्रणालीत आहे. आमच्याकडे ती करून घेणारे अजून थोडे. दोन हजार रुपये बयाणा देताना चार माणसं साक्षीला उभी करतात, पण क्रमांकावर नाव चढवायला कुणाला सवड नसते.

ओटीपीचा एक वेगळाच खेळ आहे. नोंद करताना मालकाच्या फोनवर आकडे येतात, ते टोचणाऱ्याला सांगायचे. इकडे गेली कित्येक वर्षं आपण म्हाताऱ्या माणसांना बजावत आलोय की ‘फोनवर आलेला नंबर कुण्णाला सांगायचा नाही, बँक रिकामी होते’. आता तीच म्हातारी माणसं दारात आलेल्या लसवाल्यालाही सांगत नाहीत. आमच्या गल्लीत एका आजोबांचा फोन मुलाच्या नावावर, मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन बंद. लसवाला, म्हणजे दवाखान्याचा पशुधन पर्यवेक्षक, एका हातात सिरिंज, एका हातात मोबाइल धरून तिष्ठत उभा, आणि आजोबा त्याला चहा पाजतायत पण नंबर सांगत नाहीत. टोचलं वेळेवर, नोंद झाली रात्री. खोट्या नोंदी होऊ नयेत म्हणून ओटीपी हवाच, माझा विरोध नाही. फक्त दवंडी देताना ‘घरी फोनवाला माणूस ठेवा’ एवढं एक वाक्य वाढवलं तर निम्मा वेळ वाचेल.

लसीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण डेअरीवर सगळ्यात जास्त वाद तिच्यावर होतात. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते, कारण तिचा जोर साधारण तेवढाच टिकतो. वासराला चार महिन्यांचं झालं की पहिली, महिन्याने पुन्हा एकदा, मग मोठ्यांबरोबर. ‘मागच्या खेपेला टोचली होती की’ असं म्हणून एक फेरी चुकवणाऱ्याचं जनावर पुढचे सहा महिने जवळपास उघडं असतं. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तापली तर वाया जातेच, गोठली तरी वाया जाते. म्हणून लसवाल्याच्या डब्याकडे मी सरळ बघते: बर्फाच्या पिशव्या आहेत का, बाटली सावलीत आहे का, प्रत्येक जनावराला सुई बदलतोय का. विचारलं तर कुणी रागावत नाही. उलट आमच्याकडे येणारा माणूस आता सुयांचं पाकीट आधीच माझ्यासमोर धरतो.

वादाचं मूळ दुसऱ्याच दिवशी माझ्या रजिस्टरमध्ये उमटतं. लस टोचली की संध्याकाळचं एकूण दूध उतरतं. कुणाचं अर्धा लिटर, कुणाचं लिटर-दीड लिटर. मानेवर गाठ येते, एखाद्या जनावराला ताप भरतो, चारा कमी खातं. मग काट्यासमोर उभं राहून मलाच ऐकवतात, ‘बघा, चांगली चाललेली म्हैस बिघडवली’. मी रजिस्टर उलटून दाखवते: मागची फेरी, तिच्या पुढचे तीन-चार दिवस, आणि दूध परत जागेवर. आकडा समोर असला की आवाज खाली येतो. वेळ भरत आलेल्या गाभण जनावराला आणि तापलेल्या जनावराला मागे ठेवायचं असतं, ते बोलून दाखवा, लपवू नका. लपवलेलं जनावर यादीत ‘नाही’ असतं, आणि रोग यादी बघून येत नाही.

याच फेऱ्यांच्या मागेपुढे काही गोठ्यांतून रक्ताचे नमुने नेतात. एकदा टोचण्याआधी, एकदा टोचल्यावर महिनाभराने. आमच्याकडून नेले तेव्हा बायकांनी मला विचारलं की रोग नसताना रक्त कशाला. मी डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते असं: लसीने अंगात ताकद आली का हे एका तपासणीत कळतं. दुसऱ्या तपासणीत कळतं की जनावराच्या अंगात खरा विषाणू कधी वाढून गेला आहे का. विषाणू वाढताना काही प्रथिनं तयार होतात, ती शुद्ध केलेल्या लसीत नसतात. त्यांच्याविरुद्धची लढाऊ द्रव्यं रक्तात सापडली तर रोग तिथून जाऊन आला, मग मालक काहीही म्हणो. मला हे फार आवडलं. सगळ्या गावाने ‘आमच्याकडे काही नव्हतं’ म्हटलं तरी म्हशीचं रक्त खरं बोलतं. अशाच पाळतीतून दिसलं की विषाणूचा ‘सी’ प्रकार १९९५नंतर देशात सापडलेला नाही, आणि २००३पासून लसीतून तो वगळला. आता लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीनच. या तपासणीचा निकाल जिल्ह्याच्या, राज्याच्या हिशेबात जातो, एकेका गोठ्याला कळवायचा तो हेतूच नसतो. तरी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘तालुक्यातली इतकी जनावरं पुरेशी सुरक्षित निघाली’ एवढं कुणी खडूने लिहिलं तर पुढच्या फेरीला मला कमी बडबड करावी लागेल.

आता जिथे मी गुण कापणार आहे ते. ही सगळी यंत्रणा लस मोजायला उत्तम आहे. रोगाची पहिली बातमी धरायला ती कमी पडते. ती बातमी सगळ्यात आधी येते माझ्या काट्यावर.

माझ्या रजिस्टरात तारीख, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), रक्कम. बस. पण पाच-सात वर्षं तेच सभासद, तीच जनावरं बघितल्यावर आकडे बोलायला लागतात. एखाद्याचं दूध एकदम निम्म्यावर आलं की मी विचारते. कारणं शंभर असतात. ऊन, वैरण बदलली, माजावर आली, रेडकू मेलं, गाभण आहे म्हणून आटत चाललंय. सगळ्यात मोठं कारण म्हणजे घरी कार्य असणं. लग्नघरातलं दूध आठवडाभर डेअरीला येत नाही, यात कसला रोग? पण एकाच वस्तीतले शेजारशेजारचे चार सभासद एकाच संध्याकाळी खाली आले, तर चार घरी एकदम लग्न नसतं.

तसं एकदा झालं. ओढ्यापलीकडच्या वस्तीचं दूध दोन वेळात पडलं. तिसऱ्या वेळी मी तिथल्या एका वहिनींना गोठ्यातच गाठलं. गाय उभी होती, पुढे वैरण तशीच. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत, आणि ओठ मिटताना-उघडताना चप् चप् असा आवाज. एकदा ऐकला की तो विसरत नाही. मागचा पाय उचलून झटकत होती. ‘काटा लागलाय वाटतं’, वहिनी म्हणाल्या. मी खुराची फट बघितली, फोड फुटून लाल झालेला. तिथूनच १९६२ लावला.

लाळ्याचं वाईट हे की फोड दिसायच्या आधीच विषाणू जनावराच्या श्वासातून आणि दुधातूनही बाहेर पडायला लागतो. म्हणजे त्या आदल्या दोन-तीन वेळांचं दूध, त्यांच्या किटल्या, त्यांचे पाय, सगळं माझ्या दारातून गेलेलं. रोग पसरायला डेअरीइतकी सोयीची जागा गावात दुसरी नाही, आणि रोग ओळखायलाही नाही. तरी डेअरीचं रजिस्टर आणि बिल्ल्याची नोंद यांची एकमेकांशी ओळख नाही. आज बहुतेक संस्थांत काटा, फॅटचं मशीन आणि संगणक जोडलेले असतात. सलग तीन वेळा एका भागातलं दूध ठरावीक टक्क्यांनी उतरलं तर दवाखान्याला आपोआप संदेश जावा, एवढंच माझं म्हणणं. दहातले सहा संदेश लग्नाचे निघतील. निघू द्या.

कायद्याने खबर देणं मालकावर बंधनकारक आहेच. प्राण्यांमधील संक्रामक रोगांचा २००९चा केंद्रीय कायदा सांगतो की यादीतल्या रोगाची शंका आली तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आजारी जनावर वेगळं बांधायचं, त्यांनी पुढे पशुवैद्यकाला लेखी कळवायचं. आमच्या गावात हे माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. माहीत असूनही गप्प बसणारे जास्त. कळवलं की बाजार बंद, दूध नाकारतील, सोयरे गोठ्यात पाय ठेवणार नाहीत, ही धास्ती. मी त्यांना दोष देत नाही. दहा दिवसांचं दूधबिल म्हणजे घरातला किराणा असतो.

लम्पीत, म्हणजे गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीत, हेच मोठ्या प्रमाणावर झालं. देशात हा रोग पहिल्यांदा ऑगस्ट २०१९मध्ये ओडिशात दिसला, २०२०मध्ये गडचिरोलीकडून राज्यात आला, आणि ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून पुन्हा सुरू झाला तो थांबेना. सप्टेंबरात अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बाजार बंद, वाहतूक बंद. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली आणि ती कामाला आली. दगावलेल्या गायीला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० अशी मदत होती, आणि मी बघितलेलं एवढंच सांगते की पैशाचा आकडा कळल्यावर लपवालपवी थांबली. खबर हवी असेल तर खबर देणाऱ्याचं नुकसान भरून द्या, याच्याइतका दुसरा उपाय मला माहीत नाही. त्या दिवसांत माझ्या काट्यासमोर रोज एकच प्रश्न: हे दूध प्यायचं का? लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, हे मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी पुठ्ठ्यावर लिहून टांगलं. आणि म्हशींचं काय? म्हशीला लम्पी क्वचित होतो, झाला तरी सौम्य. गायवाले रडकुंडीला आले होते आणि म्हैसवाले उगाच ताठ चालत होते.

बिल्ल्याचं एक बळ मात्र आमच्यासारख्या उसाच्या भागातच नीट कळतं. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या बैलगाड्या येतात. कारखान्याच्या आवारात पालं पडतात, शेजारी शेजारी बैल बांधलेले, एकाच हौदाचं पाणी, आणि मोळीवर वाढे खायला आमचीही जनावरं तिथेच. लाळ्याला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. पूर्वी त्या बैलांना टोचलंय का, हे विचारायचं कुणाला? आता कानातला क्रमांक टाकला की जिल्हा कुठलाही असो, शेवटची लस कधीची ते समोर येतं. नोंद गावाची नसून देशाची आहे, हे मला तिथे पटलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी गावाकडेच त्यांना टोचून पाठवलं तर सोन्याहून पिवळं. बैल चालून चालून दमलेला असताना टोचून ताकद यायला दोन-तीन आठवडे जातातच.

१९६२ला मी चांगले गुण देईन. फोन उचलणाऱ्याने गाव, बिल्ल्याचा क्रमांक, लक्षणं, किती जनावरं, एवढं शांतपणे विचारलं आणि त्याच दिवशी फिरता दवाखाना वस्तीवर आला. डॉक्टर, त्यांचे सहायक, चालक. औषधापेक्षा जास्त काम त्यांनी सांगण्याचं केलं: आजारी जनावराची धार शेवटी काढा, त्याच हाताने दुसऱ्याला शिवू नका, दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा आणि पाय बुडवून आत-बाहेर करा, वासराला ते दूध पाजू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लाळ्यात मोठं जनावर सहसा जगतं, वासरू मात्र हृदयावर घाव बसून उभ्या उभ्या कोसळतं. पण गणित लक्षात ठेवा: साधारण लाख जनावरांमागे एक गाडी, असा केंद्राचा हिशेब आहे. साथीत सगळेच एकदम फोन लावणार. गावच्या दवाखान्याचा, पर्यवेक्षकाचा नंबर हाताशी हवाच. घटसर्पासारख्या रोगात तर गाडीची वाट बघण्याएवढा वेळही नसतो. गळा सुजला, घुरघुर सुरू झाली की म्हैस दिवसाच्या आत जाते. त्याची लस पावसाच्या आधी, बात संपली.

अंदाजाबद्दलही दोन शब्द. बंगळूरच्या पशुरोग साथशास्त्र संस्थेतून दोन महिने आधी जिल्हावार इशारे निघतात, कुठल्या जिल्ह्यात कुठल्या रोगाची शक्यता जास्त ते. जुन्या नोंदी, पाऊस, तापमान असं बघून. काम भारी आहे. पण जिल्हा केवढा आणि आमची वस्ती केवढी. शिवाय हा अंदाज शेवटी गावागावातून गेलेल्या खबरींवरच उभा, आणि खबरीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आमच्या आजेसासूबाई बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जुन्या जीवघेण्या साथीच्या, गोष्टी सांगायच्या. बैलजोडी आठवड्यात संपली, नांगर माणसांनी ओढला. तो रोग आज जगात नाही. आपल्याकडे शेवटचा रोगी १९९५ला सापडला, २००६ला देश मुक्त ठरला, २०११ला सगळं जग. त्याच रोगासाठी जागतिक पशुआरोग्य संघटना १९२४ला उभी राहिली, कारण भारतातून ब्राझीलला निघालेल्या जनावरांमुळे १९२०मध्ये अँटवर्पला साथ आली होती. पण मला त्यातलं मोलाचं वाटतं ते शेवटच्या टप्प्यातलं काम. लस टोचणं थांबवल्यावर माणसं गावोगाव फिरून, दवाखान्यांच्या रोजवह्या चाळून, जनावरांच्या वाटांवर थांबून विचारत राहिली की असं लक्षण कुणी बघितलं का. मोबाइल नव्हता, बारकोड नव्हता. आज दोन्ही आहेत, तर विचारणाराही हवा.

सांसर्गिक गर्भपाताबद्दल बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण गोठ्याचं काम आपलंच. ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. वय उलटलं की संधी गेली, म्हणून कालवड-पारडी झाल्याची तारीख लिहून ठेवा. लस जिवंत जंतूंची असते; टोचणाऱ्याने हातमोजे, चष्मा घातला तर तो नखरे करतोय असं समजू नका. गाय सहाव्या-सातव्या महिन्याच्या पुढे गाभडली तर तो जार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, चुना घालून खोल पुरा. यातून माणसाला महिनोन्महिने उतरचढ करणारा ताप येतो आणि तो मलेरिया-टायफॉइडच्या नावाखाली खपून जातो. या रोगाची पाळतसुद्धा डेअरीवर स्वस्तात होते: मिसळलेल्या दुधात रंगीत द्रव्य घालून वर निळसर कडं येतं का बघायचं. संशय आला की मग एकेका जनावराचं रक्त. आमच्या संस्थेच्या सभेत मी ही तपासणी ठेवायचा विषय मांडला आहे. अध्यक्षांना खर्चाची काळजी आहे, ती त्यांना असू दे.

तर गुण. बिल्ला: पाचपैकी चार, पडतो म्हणून एक कापला. लस आणि तिची फेरी: साडेचार. १९६२: चार. खबर गोळा करणं: दोन, आणि तेही वस्तीवरच्या वहिनींसारख्या माणसांमुळे, ज्यांनी मला गोठ्यात येऊ दिलं. नवीन घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की बाजारातून आणलेलं जनावर बिल्ला तपासल्याशिवाय आत घेऊ नका, आणि बिल्ला चोख असला तरी तीन आठवडे वेगळं बांधा, वेगळी बादली, धार सगळ्यांच्या शेवटी. बिल्ला पडला तर जुना क्रमांक दाखवून त्याच नोंदीवर नवा चढवायला सांगा. तशी सोय आहे, फक्त मागावी लागते. आणि दूध अचानक उतरलं तर माप घेणारीला खरं कारण सांगा. लग्न असेल तर पत्रिका द्या.